विहिरीच्या पाण्यातील वात

कंबर आखडली, गुडघे कुरकुरू लागले, पहाटे हाताची बोटे मिटेनाशी झाली की आपल्या घरांतील वडीलधारी माणसे एकच शब्द उच्चारतात : वात. या शब्दामागे फार जुनी विद्या उभी आहे. चरकसंहितेत वातरक्तावर स्वतंत्र अध्याय आहे, आणि माधवकराने आपल्या निदानग्रंथात आमवाताची लक्षणे अशी मांडली आहेत की आजच्या संधिवाततज्ज्ञालाही त्यांत ओळखीचे रुग्ण दिसावेत. परंतु ग्रंथांतला वात वेगळा आणि ओसरीवरचा वात वेगळा. ओसरीवरच्या बोलण्यात हा शब्द एखाद्या मोठ्या टोपलीसारखा वापरला जातो. वयाने झिजलेला सांधा, तापानंतर धरलेली पाठ, हाडातला क्षय, मणक्यातली चिपाड झालेली गादी, सर्व काही त्याच टोपलीत पडते. वर निर्गुडीचा शेक, थोडे एरंडेल, आणि ‘आता वयच झाले’ हे समाधान.

दक्षिणेतील एका विस्तीर्ण प्रदेशात या समाधानाने अनेक पिढ्यांचे नुकसान केले. तेथील माणसे तिशीतच पाठीने ताठरत, चाळिशीत वाकत आणि पन्नाशीपूर्वीच अंथरुणाला खिळत. त्यांनाही वातच झाला असे सांगितले जाई. प्रत्यक्षात त्यांचा वात गावच्या विहिरीत होता. तो कसा सापडला, सापडल्यानंतरही गावातून जायला इतकी वर्षे का लागली, आणि या शोधाच्या वाटेवर आपल्या परिचयाची नावे कोठे कोठे भेटतात, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

या कथेची सुरुवात माणसांपासून होत नाही, ती गुरांपासून होते. १९३० च्या दशकाच्या आरंभी मद्रास इलाख्यातील तेलुगू भाषक शेतकऱ्यांना एक विचित्र गोष्ट जाणवू लागली. ऐन उमेदीतले बैल अवघडून चालत, उठताना कण्हत, नांगराला जुंपले की पाय टाकीनात. खुरांना जखम नाही, लाळ्याखुरकूत नाही, तरी सांधे धरलेले. निजामाच्या हैदराबाद संस्थानातही हाच प्रकार होता. तेथील पशुवैद्यकीय अन्वेषण खात्यातील महाजन यांनी १९३४ साली गुरांमधील या विकाराची नोंद केली, आणि फ्लोरीनच्या विषबाधेवरील भारतीय संशोधनाची जंत्री लिहिताना पुढील अभ्यासक या नोंदीपासून आरंभ करीत आले आहेत. बैल बसला की शेतकऱ्याचा संसार बसतो, म्हणून बैलाच्या दुखण्याकडे लक्ष गेले. त्याच शेतकऱ्याची स्वतःची पाठ त्या वेळी किती वर्षे दुखत होती, हे मात्र कोणी विचारले नव्हते.

माणसांच्या बाबतीत धागा मिळाला तो दातांवरून, आणि तोही फार दूरच्या देशात. फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य १९०१ साली अमेरिकेतील कोलोराडो स्प्रिंग्ज या गावी व्यवसायासाठी आला. गावात जन्मून वाढलेल्या लोकांच्या दातांवर तपकिरी डाग पाहून तो चकित झाला. बाहेरून मोठेपणी आलेल्यांच्या दातांवर ते डाग नव्हते. पुढे आयडाहो प्रांतातील ओकली या गावी त्याला असेच डाग आढळले, आणि ते गावात नव्या झऱ्याचे पाणी नळाने आल्यानंतर जन्मलेल्या मुलांतच होते. पाण्यात नेमके काय आहे हे मॅकेला ठाऊक नव्हते. तरीही त्याने पालकांना झरा बदलण्याचा सल्ला दिला, गावाने तो १९२५ साली मानला, आणि त्यानंतरच्या मुलांचे दात स्वच्छ निघाले. कारणाचे नाव कळण्यापूर्वीच उपाय झाला होता. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण आपल्याकडे पुढे जे घडले ते याच्या अगदी उलट आहे.

कारणाचे नाव कळले ते १९३१ मध्ये. आर्कान्सा प्रांतातील बॉक्साइट हे गाव एका ॲल्युमिनियम कंपनीचे होते. १९०९ साली गावाने पाण्यासाठी खोल विहिरी घेतल्या आणि त्यानंतरच्या मुलांच्या दातांवर डाग आले. कंपनीचा मुख्य रसायनज्ञ एच. व्ही. चर्चिल याने त्या पाण्याची बारकाईने तपासणी केली, तेव्हा त्यात दर दशलक्ष भागांस १३.७ भाग, म्हणजे लिटरमागे सुमारे १३.७ मिलिग्रॅम, फ्लोराईड आढळले. त्याच वर्षी ॲरिझोनातील स्मिथ दांपत्याने व त्यांच्या सहकारी एडिथ लँट्झ यांनी स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष काढला. दातांचे कोडे सुटले.

हाडांचे कोडे उलगडले ते डेन्मार्कमध्ये. ग्रीनलंडमधून येणारा क्रायोलाइट नावाचा फ्लोरीनयुक्त दगड कोपनहेगन येथील कारखान्यात कुटला जाई. १९३२ साली मॉलर आणि गुडयॉन्सन या दोघा वैद्यांनी तेथील कामगारांच्या छातीची क्ष-किरण तपासणी केली. धुळीने फुप्फुसे बिघडली आहेत काय, एवढेच त्यांना पाहायचे होते. चित्रांत त्यांना बरगड्या व मणके खडूसारखे पांढरेशुभ्र आणि दाट दिसले. काय शॉल्म नव्हे, काय रोहोल्म या तरुण डॅनिश वैद्याने पुढे या विषयाचा सर्वांगीण अभ्यास केला आणि १९३७ साली फ्लोरीनच्या विषबाधेवर मोठा प्रबंध प्रसिद्ध केला.

योगायोग असा की त्याच १९३७ साली मद्रासहून दुसरे प्रकाशन निघाले. रोहोल्मचे रुग्ण कारखान्यातले होते. मद्रासच्या संशोधकांचे रुग्ण शेतात राबणारे होते आणि त्यांनी कारखान्याची चिमणीही पाहिली नव्हती.

मद्रासजवळ गिंडी येथे किंग इन्स्टिट्यूट ही लस आणि जलपरीक्षणाची जुनी संस्था आहे. तिचे संचालक हेन्री एडवर्ड शॉर्ट हे काळा आजाराच्या संशोधनासाठी प्रसिद्ध होते. हिवतापाचा जंतू रक्तात येण्यापूर्वी यकृतात दडतो हे पुढे १९४८ मध्ये दाखवून देणाऱ्यांतही ते होते. नेल्लोर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील दर्शी, पोदिली या कोरडवाहू तालुक्यांतून सांधे आखडलेल्या रुग्णांच्या वार्ता येत होत्या. (हा भाग १९७० साली नेल्लोरमधून निघून ओंगोल म्हणजे पुढच्या प्रकाशम् जिल्ह्यात गेला.) शॉर्ट यांच्यासह मद्रासच्या इस्पितळातील जॉर्ज मॅक्‌रॉबर्ट, क्ष-किरणतज्ज्ञ बार्नार्ड आणि मन्नाडी नायर यांनी या रुग्णांचा अभ्यास केला. १९३४ साली मद्रासमध्ये क्ष-किरणांची जी संस्था उघडली, ती ज्यांच्या नावाने आजही ओळखली जाते तेच हे बार्नार्ड. त्यांच्या यंत्राखाली नेल्लोरचा शेतकरी झोपला आणि चित्रात कोपनहेगनच्या कामगाराचीच हाडे उमटली.

या पथकाने रोगाचा जो क्रम लिहून ठेवला तो मन हेलावणारा आहे. लहानपणी दातांची चकाकी जाते, त्यांवर खडूसारखे आणि मग तपकिरी पट्टे येतात. त्यानंतर बरीच वर्षे काहीही होत नाही; मूल वाढते, लग्न होते, शेत करते. तिशीच्या सुमारास हातापायांना मुंग्या येऊ लागतात आणि कंबर दुखू लागते. ताठरपणा कंबरेपासून चढत चढत मानेपर्यंत जातो आणि अखेर सारा कणा एकाच हाडाची काठी असल्यासारखा होतो. मागून कोणी हाक मारली तर मान वळत नाही, सगळे शरीर वळवावे लागते. बरगड्या जखडल्यामुळे श्वास छातीने घेता येत नाही, पोटाने घ्यावा लागतो. गुडघे, खुबे, खांदे धरतात. शेवटी माणूस खाटेवर पडतो, वाळत जातो; आणि या साऱ्यात बुद्धी मात्र शेवटपर्यंत शाबूत राहते.

त्याच वर्षी याच विषयावर दुसरा लेख प्रसिद्ध झाला, त्यावर शॉर्ट यांच्या बरोबरीने दोन भारतीय नावे होती : राघवाचारी आणि पंडित. पंडित म्हणजे चिंतामण गोविंद पंडित. हे नाव आपल्या वाचकांना घरचे वाटेल. किंग इन्स्टिट्यूटचे पुढे ते संचालक झाले, आणि स्वातंत्र्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पहिले संचालक म्हणून देशातील वैद्यकीय संशोधनाची घडी त्यांनी बसविली. १९४० साली पंडित, राघवाचारी, राव आणि कृष्णमूर्ती यांनी जो विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात एक नवा प्रश्न होता. पाण्यातले फ्लोराईड सारखेच असताना एका घरातील माणूस अपंग होतो आणि दुसऱ्या घरातील केवळ डागाळलेल्या दातांवर सुटतो, असे का? त्यांनी गावोगावची पाणी तपासणी केली, तशीच ताटांचीही केली. ज्यांच्या आहारात भाजीपाला, फळे, विशेषतः क जीवनसत्त्व कमी, त्यांची हाडे अधिक बिघडत असे त्यांना आढळले. सरळ शब्दांत सांगायचे तर एकाच विहिरीचे पाणी श्रीमंताला आणि गरिबाला सारखे बाधत नव्हते. वैद्यकीय अहवालाच्या कोरड्या भाषेत गावातील विषमतेची ही नोंद झाली, म्हणून हा अभ्यास मला मोलाचा वाटतो.

फ्लोराईड हाडात शिरून करते काय, हेही येथे थोडक्यात पाहिले पाहिजे. हाड आपल्याला दगडासारखे स्थिर वाटते, पण ते सतत मोडले व बांधले जात असते. कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या ज्या स्फटिकांचे ते बनते, त्यांतील हायड्रॉक्सिलची जागा फ्लोराईड सहज घेते. असे हाड विरघळायला अवघड असते. शिवाय हाड बांधणाऱ्या पेशींना फ्लोराईड चेतविते. परिणामी हाड दाट होते, पण त्याची वीण बिघडते; वजन वाढते, चिवटपणा वाढत नाही. जेथे हाड असूच नये तेथेही, म्हणजे अस्थिबंधांत, स्नायूंच्या मुळाशी, कोपर ते मनगट या दोन हाडांमधल्या पडद्यात, चुना साचतो. हाताच्या या पडद्यातील चुन्याची रेघ क्ष-किरण चित्रात दिसली की जाणता डॉक्टर रुग्णाला पहिला प्रश्न विचारतो तो गावचा आणि पाण्याचा. कण्याच्या नळीत हाड वाढले की मज्जारज्जू चेपतो आणि पाय लुळे पडतात.

आणि हे फ्लोराईड येते कोठून? ते कोणी मिसळीत नाही. दख्खनच्या पूर्वेकडील ग्रॅनाइटच्या खडकांत फ्लोराईट, अभ्रक, ॲपाटाइट अशा खनिजांतून ते आहेच. पाऊस थोडा, ऊन कडक, आणि भूजल वर्षानुवर्षे खडकाच्या भेगांत मुरलेले. असे पाणी सोडियम बायकार्बोनेटने भरलेले आणि कॅल्शियमने रिते झाले की त्यात फ्लोराईड अधिक विरघळते. म्हणूनच पुष्कळदा वरच्या थरातील विहिरीपेक्षा खोल विंधण विहिरीचे पाणी अधिक बाधक निघते. ते पाणी स्वच्छ असते, चवीला वाईट नसते, उकळले तरी फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. डोळ्यांनी, जिभेने, नाकाने ज्याचा संशयही येऊ नये असे हे विष आहे.

हेच द्रव्य अल्प प्रमाणात दात किडण्यापासून वाचविते, म्हणून १९४५ साली अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स या शहराने आपल्या पाण्यात ते मुद्दाम मिसळले. लिटरमागे एक मिलिग्रॅम, एवढेच. जागतिक आरोग्य संघटनेने १९८४ साली दीड मिलिग्रॅम ही मर्यादा सुचविली. भारतीय मानकाने एक मिलिग्रॅम योग्य आणि दुसरे पाणी नसेल तरच दीडपर्यंत चालेल असे ठरविले. तीन ते सहा मिलिग्रॅमचे पाणी वर्षानुवर्षे प्यायले तर हाडांवर परिणाम दिसू लागतात, आणि दहाच्या पुढे पंगुत्व येऊ शकते. आपल्याकडे शेतात उन्हात राबणारा माणूस थंड हवेतील माणसाच्या कितीतरी पट पाणी पितो, तेव्हा त्याच्या बाबतीत हे आकडे आणखी खाली उतरतात, हे सांगावयास नको.

स्वातंत्र्यानंतर या संशोधनाचे केंद्र हैदराबादकडे सरकले. १९५५ साली डॉ. सिद्दिकी यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नलगोंडा जिल्ह्यातील रुग्णांवर लेख लिहिला आणि जिल्ह्याचे नाव वैद्यकीय जगात पोहोचले. तेलुगूत नल्ल म्हणजे काळा आणि कोंड म्हणजे टेकडी. हैदराबादच्या मराठी मंडळींना विजयवाड्याच्या वाटेवरचा हा जिल्हा परका नाही. १९६० च्या दशकाच्या आरंभी पतियाळाच्या वैद्यकीय महाविद्यालयात अमर सिंग आणि जॉली यांनी पंजाबातील रुग्णांचा बारकाईने अभ्यास करून दाखविले की हा आजार केवळ दक्षिणेचा नाही, आणि मज्जारज्जूवरील दाबाची लक्षणे किती भयंकर असू शकतात.

नलगोंड्यात पुढे एक नवेच रूप प्रकट झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील कृष्णमाचारी आणि कमला कृष्णस्वामी यांनी १९७३ साली लॅन्सेट या नियतकालिकात लिहिले की फ्लोराईडग्रस्त भागात कोवळ्या वयाच्या मुलांचे गुडघे आतल्या बाजूस वळू लागले आहेत. दोन्ही गुडघे एकमेकांना आदळतात आणि पावले दूर राहतात. मोठ्यांचा कणा ताठरायला तीस वर्षे लागत. ही मुले दहा-पंधराव्या वर्षीच वाकडी होत होती. नागार्जुनसागर धरणानंतर परिसरातील भूजलाची पातळी वाढली, मातीचा स्वभाव अल्कधर्मी झाला, ज्वारीत मॉलिब्डेनमचे प्रमाण वाढले, आणि मॉलिब्डेनम शरीरातील तांबे बाहेर काढते, अशी साखळी संस्थेतील अभ्यासकांनी मांडली. १९७७ साली लक्ष्मय्या व श्रीकंठिया यांनी दाखविले की भात खाणाऱ्यापेक्षा ज्वारी खाणाऱ्याच्या शरीरात फ्लोराईड अधिक उरते. ज्या धरणाने लाखो एकरांना पाणी दिले आणि ज्या भाकरीने दख्खन पोसले, ती दोन्ही या दुखण्याच्या साखळीत येऊन बसली. यात धरणाचा किंवा भाकरीचा धिक्कार नाही. निसर्गाचे एक टोक ओढले की दुसरे कोठे हलते हे आधी ओळखणे कठीण असते, इतकेच यावरून दिसते.

कारण कळले होते. आता उपाय हवा होता. येथे कथा नागपूरला येते. १९५८ साली तेथे स्थापन झालेली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था १९७४ पासून ‘नीरी’ या नावाने ओळखली जाते. तुरटीने पाण्यातील फ्लोराईड कमी होते, हे अमेरिकेत १९३० च्या दशकातच दिसले होते. नीरीतील नवलाखे, कुलकर्णी, पाठक आणि बुलुसू यांनी त्या निरीक्षणाला खेड्यात चालेल अशा पद्धतीचे रूप दिले आणि १९७५ साली ते प्रसिद्ध केले. तिला त्यांनी आपले किंवा आपल्या शहराचे नाव दिले नाही. ज्या जिल्ह्याचे दुखणे, त्याचेच नाव दिले. ‘नलगोंडा पद्धत’ म्हणून ती पुढे आफ्रिकेतील देशांतही पोहोचली.

पद्धत साधी आहे. गढूळ पाण्यात तुरटी फिरविणे आपल्या आज्यांना ठाऊक होतेच. येथे तुरटीचे प्रमाण पाण्यातील फ्लोराईड आणि क्षारता मोजून ठरविले जाते, तिच्या सुमारे विसाव्या हिश्शाइतका चुना घातला जातो, जंतुनाशासाठी ब्लीचिंग पावडर टाकली जाते. पाणी आधी जोराने आणि मग हळुवार ढवळले की कापसासारखे पुंजके तयार होतात, ते फ्लोराईडला बरोबर घेऊन तळाशी बसतात. घरगुती वापरासाठी तळापासून तीन-चार बोटे वर तोटी बसविलेली बादली पुरते. वरचे पाणी काढून घ्यायचे, खालचा गाळ फेकायचा. विजेची, यंत्राची, परदेशी मालाची गरज नाही.

मग ती घराघरांत का रुजली नाही? याचे उत्तर रसायनशास्त्रात नाही. रोज सकाळी मापाने तुरटी घालायची, चुना घालायचा, ढवळायचे, तासभर थांबायचे, गाळ काढायचा, हे सर्व करायचे कोणी? ज्या बाईला पहाटे मजुरीवर जायचे आहे आणि जिची स्वतःची कंबर वाकत नाही, तिने. पाण्याचा गुणधर्म ऋतूप्रमाणे बदलतो, तेव्हा प्रमाणही बदलावे लागते. प्रमाण चुकले तर पाण्यात ॲल्युमिनियम आणि सल्फेट राहते, चव बिघडते. आणि लाभ दिसतो तो वीस वर्षांनी, तोही काही न होण्याच्या रूपात. गावोगावी उभारलेली पुष्कळ यंत्रणा देखभालीअभावी थंडावली. नीरीच्या शास्त्रज्ञांचे काम खोटे नव्हते. परंतु रोगाचा भार पुन्हा रोग्याच्याच खांद्यावर ठेवणारा उपाय फार काळ टिकत नाही. गावाला हवे होते ते चांगल्या नदीचे पाणी, ओकलीच्या पालकांनी १९२५ साली आपल्या मुलांसाठी आणले तसे.

ते मागण्यासाठी नलगोंड्याने जे केले ते आपल्या लोकशाहीच्या इतिहासात अपूर्व आहे. कृष्णेचे पाणी जिल्ह्याच्या सीमेवरून वाहते आणि आमच्या मुलांना विंधण विहिरीचे विष प्यावे लागते, हे गाऱ्हाणे दिल्लीपर्यंत पोहोचावे म्हणून १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत एकट्या नलगोंडा मतदारसंघातून ४८० उमेदवार उभे राहिले. एका कागदावर इतकी नावे मावणार कशी? मतपत्रिकेची पुस्तिका करावी लागली. बेळगावच्या वाचकांना हे वर्ष वेगळे आठवावयास नको. त्याच निवडणुकीत सीमाप्रश्नासाठी बेळगाव मतदारसंघातही ४५६ उमेदवारांनी अर्ज कायम ठेवले होते. एकीकडे भाषेचा प्रश्न, दुसरीकडे पाण्याचा. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन जिल्ह्यांनी एकच सनदशीर मार्ग शोधला. त्यानंतर उमेदवाराची अनामत रक्कम ५०० रुपयांवरून १०,००० रुपये करण्यात आली, म्हणजे तो मार्ग पुढच्यांसाठी अरुंद झाला. पण नलगोंड्याचे दुखणे त्या वर्षी साऱ्या देशाच्या वर्तमानपत्रांत छापून आले.

त्यानंतर कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने गावांकडे येऊ लागले. केंद्र शासनाने २००८-०९ मध्ये फ्लोरोसिसच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २०१४ साली तेलंगण राज्य झाले आणि २०१६ मध्ये ‘मिशन भगीरथ’ योजनेद्वारे नदीचे पाणी नळाने घरोघर पोहोचविण्याचे काम आरंभले गेले. शॉर्ट आणि पंडित यांच्या लेखांपासून मोजले तर मधल्या काळात जवळजवळ ऐंशी वर्षे गेली. एवढ्या काळात तीन पिढ्यांचे दात डागाळले आणि कणे ताठरले. हा विलंब अज्ञानाचा नव्हता. ग्रंथालयात सर्व काही लिहिलेले होते.

आणि हे सारे तेलुगू मुलखाचेच आहे असे मानून आपण सुटकेचा श्वास घेऊ नये. महाराष्ट्रात यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील गावांत, तसेच नांदेड जिल्ह्याच्या किनवट भागात भूजलातील फ्लोराईडची बाधा नोंदली गेली आहे. नांदेड १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होते. खडकाला प्रांतरचना ठाऊक नसते. गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, कर्नाटक यांतील कितीतरी जिल्हे या यादीत आहेत. आपली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या शहरांतून नळाचे पाणी पीत असली तरी आपल्या घरी कामास येणारी माणसे, आपल्या जुन्या इनामी गावांतील कुळांची नातवंडे कोणते पाणी पीत मोठी झाली, हे आपल्याला ठाऊक असतेच असे नाही.

उपचाराबाबत प्रामाणिकपणे सांगायचे तर जखडलेला कणा मोकळा करणारे औषध अद्याप नाही. पाणी बदलले, आहारात दूध, पालेभाज्या, आवळा, लिंबू आले तर कोवळ्या वयातील बाधा पुष्कळ आवरते आणि दुखणेही काही अंशी हलके होते. राष्ट्रीय पोषण संस्थेत खांडरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध केला : मुलांच्या रोजच्या आहारात थोडी चिंच दिली असता लघवीवाटे फ्लोराईड अधिक बाहेर पडते असे त्यांना दिसले. हैदराबादी मराठी स्वयंपाकघरात चिंचेची उणीव कधीच नसते, म्हणून हे वाचून बरे वाटते. परंतु चिंचेने वाकडे गुडघे सरळ होतील असा अर्थ कोणी काढू नये. पाणी बदलणे हाच उपाय, बाकी सारे त्याच्या जोडीचे.

या इतिहासातून मला घ्यावासा वाटतो तो एक साधा धडा. दुखण्याला नाव दिले की ते समजले असे आपल्याला वाटू लागते. ‘वात’ हे नाव शेकडो वर्षे होते आणि त्याखाली नेल्लोरचा शेतकरी निमूटपणे वाकत गेला. शॉर्ट, पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या नावापाशी न थांबता रुग्णाच्या दारची विहीर पाहिली, ताट पाहिले, मुलांचे दात पाहिले, गोठ्यातला बैल पाहिला. आपल्या घरी एखादी प्रौढ बाई ‘कंबर धरली हो’ म्हणाली, तर तिला तेलाची बाटली अवश्य द्यावी. पण तिच्या मुलाच्या दातांकडे एकदा पाहावे, आणि गावी पाणी कोठले पिता, एवढे तिला विचारावे.